गोल रानातला शेवटचा तुकडा

जमीन बोटांनी मोजावी. दोरीनं मोजलेली जमीन ताणली जाते, पावलांनी मोजलेली थकते, पण बोटांनी मोजलेली जमीन चंद्रसूर्य असेपर्यंत जागची हलत नाही, असं आमच्या पूर्वजांनी सांगून ठेवलं आहे. पूर्वज मका आणि कंद खात. त्यांची बोटं बारीक होती.

आमच्या गोलो रेम्बु गावाचं रान गोल आहे. मधोमध सागाचा खांब, आणि त्याच्यापासून सगळ्या घरांचे तुकडे कोळ्याच्या जाळ्यासारखे बाहेर पसरत गेलेले. वाटपाचा मान एकाच घराण्याकडे असतो आणि त्या घराण्याच्या प्रमुखाला तुआ तेनो म्हणतात. तेनो खांबाला हात टेकवतो, ज्याचा जसा मान तशी कुणाला दोन बोटं, कुणाला एक बोट, अशा खुणा करत खांबाभोवती फिरतो, आणि त्या प्रत्येक खुणेपासून काठापर्यंत सरळ रेघ जाते. खांबापाशी बोटभर असलेला तुकडा काठाला पोचेपर्यंत म्हशींचा कळप मावेल एवढा होतो. म्हणून आमच्याकडे तेनोच्या हाताकडे टक लावून बघणं सभ्यपणाचं मानत नाहीत.

यातलं काहीही कुठल्या कागदावर नव्हतं. त्यामुळे पिढ्यान् पिढ्या बरं चाललं होतं.

मग पाक सुगेंग आला. पाक म्हणजे साहेब. जावा बेटावरचा तरुण मोजणीदार, गळ्यात कार्यालयाचं ओळखपत्र, पायात आमच्या चढांची अजिबात कल्पना नसलेले पांढरे बूट. ढोलाच्या घरात सभा भरली. गावाचा ढोल ज्या मोठ्या घरात टांगलेला असतो तिथेच आमची भांडणं मिटतात, आणि सोयीचं पडतं म्हणून सुरूही तिथेच होतात.

"सरकार सगळ्या बिननोंदी जमिनीचे कागद करून देणार आहे," सुगेंग म्हणाला. "आम्ही ड्रोननं वरून चित्र काढलंय. त्यात तुमची कुंपणाची झुडपं स्वच्छ दिसतात. झुडपं हीच हद्द, असं सगळे म्हणत असाल तर काम सोपं आहे. फक्त सह्या."

"झुडूप म्हणजे हद्द नव्हे," आमचे तेनो एमा रोफिनुस म्हणाले. एमा म्हणजे बाप. वयानं आणि वजनानं मोठ्या माणसाला आम्ही सगळेच एमा म्हणतो. "झुडूप चालतं. दर पावसाळ्यात थोडं. बोट चालत नाही."

"कुणाचं बोट?"

एमांनी आपला उजवा हात वर केला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मी गावच्या शाळेत गणित शिकवतो, पण ढोलाच्या घरात गणित कुणी विचारत नाही.

"काही काही झुडपं तर जरा जास्तच चालतात," कानिस छताकडे बघत म्हणाला.

कुणाची झुडपं, हे छतालाही माहीत होतं. कानिस थोरल्या घरातला, म्हणून खांबाभोवतीचा पहिला तुकडा त्याचा. एन्दे लोनी (एन्दे म्हणजे आई, मोठ्या बाईला तसं म्हणतात) धाकट्या घरातली विधवा, तिचा तुकडा शेवटचा. गोलाचा हा एक दोष आहे. त्यात पहिला आणि शेवटचा एकमेकांचे शेजारी होतात.

चुलीकडच्या बायकांमधून आवाज आला. "छताला काय सांगतोस, कानिस? छताचं रान नाही. मला सांग."

"मी कुणाचं नाव घेतलं का, एन्दे?"

"घेतलं नाहीस. घ्यायची छाती नाही म्हणून वासे मोजत बसलायस."

"तुझी झुडपं माझ्या मक्यात शिरलीत. आता झालं समाधान?"

"झुडपं माझ्या नवऱ्यानं लावलीत. त्याला पुरायचा खड्डा याच झुडपांपाशी खणायला तूच होतास ना? तेव्हा उभा कुठं होतास, ते आठव. तेव्हा नाही टोचली झुडपं?"

सुगेंगनं टॅब्लेटवर बोट फिरवलं. "बघा, तंटा असेल तर नकाशावर सगळं रान लाल होतं. लाल म्हणजे कागद नाही. कुणालाच नाही. पुढच्या महिन्यात मी परत येईन तोवर मिटवून ठेवा."

"मिटवायचं काय त्यात?" कानिस म्हणाला. "बोटं परत मोजा. पूर्वजांनी दिलं असेल तेवढं तिचं."

हे इतकं न्यायाचं होतं की कुणाला नाही म्हणता येईना. एन्दे लोनीलाही नाही. तिचं एक बोट होतं, ते तिच्या सासऱ्याला एमांच्या वडिलांनी सगळ्या गावासमोर दिलं होतं. ती म्हणाली, "मोजा. माझं एक बोट मला पुरतं."

इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे खांबावर ज्याचं बोट नाही त्याचं ढोलाच्या घरात बसायला पाट नाही, लग्नात बोलायला तोंड नाही आणि मेल्यावर पुरायला गाव नाही. लोनीचा एकुलता मुलगा कालिमंतानला पाम तेलाच्या मळ्यावर होता. बोट असेल तर तो परत आला की या गावचा. नसेल तर परत आला तरी पाहुणा. आणि आता जे ठरेल ते कागदावर जाणार होतं. तोंडी केलेली चूक पुढच्या पिढीला विसरता येते. कागदाला तशी सोय नसते.

मोजणीच्या सकाळी सगळं गाव रानाच्या मध्यावर जमलं. कोंबडा कापला, त्याचं काळीज बघितलं. काळजात काही वाईट दिसलं नाही, यावरून कोंबड्यांचा या विषयातला अभ्यास किती, ते पुढे कळलं.

एमांनी आपलं सोंगके, म्हणजे सणासुदीला नेसतात ते काळं, जाड, नक्षीचं कापड, नीट खोचलं आणि खांबाला हात टेकवला. हा खांब त्यांच्या वडिलांनी रोवलेला. तेव्हापासून त्याला वाळवीनं बाहेरून खाल्लं होतं, पावसानं सोललं होतं, गावच्या प्रत्येक म्हशीनं त्यावर मान घासली होती. खांब दर वर्षी थोडा बारीक झाला. एमा रोफिनुस दर वर्षी थोडे जाड झाले. त्यात त्यांचा दोष नव्हता. प्रत्येक लग्नात, प्रत्येक मयतीला डुकराचा पहिला तुकडा तेनोचा असतो, आणि मान नाकारता येत नाही.

"कानिसचं घर, दोन बोटं," एमा म्हणाले. कोळशानं खूण झाली.

एकेका घराचं नाव पुकारत ते खांबाभोवती सरकत गेले. माझंही एक बोट झालं. ते मला जरा रुंद वाटलं. काठाशी भुईमुगाची आणखी एक ओळ बसेल, असं मनात आलं आणि मी गप्प राहिलो. बाकीचेही गप्प होते. गावात एवढी शांतता मी फक्त बिशप आले होते तेव्हा अनुभवली होती.

एमा शेवटच्या खुणेपाशी आले. "लोनीचं घर," ते म्हणाले आणि त्यांचा हात हवेतच थांबला.

शेवटची खूण आणि कानिसची पहिली खूण यांच्यात बोट मावत नव्हतं. एमांनी करंगळी लावून पाहिली. करंगळीही मावेना. त्यांनी हात झटकला, बोटं एकमेकांवर दाबली, आणि उलट बाजूनं मोजून पाहिलं. बोटं तीच असल्यामुळे उत्तरही तेच आलं. त्या फटीत फार तर एक नख बसलं असतं.

"गोल खोटं बोलत नाही," कानिस म्हणाला. पण त्याचाही आवाज पडला होता. एवढं त्यालाही अपेक्षित नव्हतं. त्याला फक्त थोडा मका हवा होता.

"मग माझं कुठं गेलं?" लोनीनं विचारलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं साधं विचारलं, हरवलेली कोंबडी शेजारणीला विचारावी तसं. आणि आम्ही सगळे पायाखालची माती बघू लागलो. तिचं बोट कुणा एकानं घेतलं नव्हतं. प्रत्येकाकडे त्याची एक पातळ चकती आली होती. त्यामुळे चोर कुणीच नव्हता, आणि परत करायचं तर कुणी करायचं, हेही ठरत नव्हतं.

शेवटी मी घसा खाकरला. "एमा, याला सोपा उपाय आहे. सगळी बोटं मिळवायची, खांबाच्या घेराला त्यानं भागायचं, आणि त्या प्रमाणात—"

"पाक गुरु," कानिस म्हणाला, "पूर्वजांना भागाकार येत होता का?"

"नाही, पण—"

"मग ते तुमच्या शाळेत नापास झाले असते. पण रान त्यांचं आहे."

लोक हसले. सुटका झाल्यासारखे हसले. एमा हसले नाहीत. ते आपल्या हाताकडे बघत होते, जे आम्ही कधी करत नाही.

"पूर्वजांनी जे दिलं ते दिलं," ते शेवटी म्हणाले. "रविवारच्या प्रार्थनेनंतर खुंट्या ठोकू."

लोनीनं पाठीवर टोपली अडकवली आणि ती चालू लागली. घराकडे नाही. नदीच्या उताराकडे, जिथून पलीकडच्या खोऱ्यात तिच्या माहेरी वाट जाते. तिला हाक मारायला हवी होती. ती कुणी मारायची, याचा विचार होईपर्यंत ती वळणापलीकडे गेली.

आता, ज्या घरातून आपण मुलगी आणली त्या घरचे लोक आमच्याकडे देवाच्या खालोखाल. काही जण म्हणतात देवाच्या वर, कारण देव जेवायला येत नाही. त्यांचा शाप लागला तर मका उगवत नाही आणि सुना टिकत नाहीत. त्यामुळे रविवारी प्रार्थनेत गावाचं लक्ष नव्हतं. पाद्री शेजाऱ्यावर प्रेम करण्याबद्दल बोलत होते आणि सगळे शेजारी खिडकीतून नदीचा उतार बघत होते.

आम्ही रानात पोचलो तेव्हा ते आधीच बसलेले होते. लोनीचा थोरला भाऊ लाम्बेर, त्याच्यामागे त्याच्या घरचे पुरुष, आणि बाजूला लोनी. कोयते सगळ्यांच्याच कमरेला असतात, आमच्याही होते. पण म्यानात कोयता अडकून राहावा म्हणून जी दोरी बांधतो, ती त्यांनी सोडलेली होती.

एमा पुढे झाले. विड्याचं ताट ठेवलं, ताडीचा भोपळा ठेवला, स्वागताचे शब्द म्हटले. पाहुण्यानं ताडी घ्यायची, घोट प्यायचा, मग काय ते बोलायचं, ही रीत. लाम्बेरनं भोपळ्याकडे बघितलं आणि हात मांडीवर ठेवला. विडाही घेतला नाही.

आमच्याकडे युद्ध अशाच प्रकारे जाहीर होतं, न पिऊन.

"केसा," कानिस गोड आवाजात म्हणाला. मेव्हण्याला आम्ही केसा म्हणतो, आणि सुनेचा भाऊ सगळ्या गावाचा मेव्हणा. "उन्हातून आलात. घसा तरी ओला करा."

"माझ्या बहिणीचा घसा तुम्ही काल-परवा कोरडा केलात, केसा. आधी तिचं बघू." लाम्बेरचा आवाज बसक्या घंटेसारखा होता. "मला तंटा करायचा नाही. मला फक्त एक विचारायचंय. तिला या गावात दिली तेव्हा तुम्ही सांगितलं होतंत, मुलाचं खांबावर एक बोट आहे. ते बोट मला दाखवा."

एमांनी विड्याचं ताट थोडं पुढे सारलं.

"तुमच्या शब्दावर दिली. बोट होतं, का नव्हतं?"

"होतं," एमा म्हणाले.

"मग गेलं कुठं?"

"पूर्वजांचं मोजमाप आहे, केसा," कानिस म्हणाला. "बोटं एमांनी मोजली. खांबावर जागा संपली. कुणी काय करणार?"

लाम्बेर उठला. त्याच्याबरोबर त्याच्यामागचे सगळे उठले, म्हणून आमचेही उठले. आमच्यातल्या दोघांनी कोयत्यांच्या दोऱ्या सोडल्या. गाठ सुटण्याचा आवाज एवढा मोठा असतो, हे मला आजवर माहीत नव्हतं. लाम्बेर खांबापाशी गेला. कोळशाच्या खुणा त्यानं एकेक करून बघितल्या. मग वळून एमांकडे बघत म्हणाला, "एमा, जरा हात दाखवा."

हे आजवर कुणी म्हटलेलं नव्हतं. एमांनी हात पुढे केला. त्यांना दुसरं काही करता आलं नसतं. समोर मुलीच्या माहेरचा माणूस होता. लाम्बेरनं तो हात आपल्या तळव्यावर घेतला, उलटा केला, सुलटा केला. बाजारात केळ्याचा घड बघावा तसा.

"चांगला हात आहे," तो म्हणाला. "भरलेला. आमच्या खोऱ्यात एवढी बोटं एकाचीही नाहीत." त्यानं कोयता काढला आणि सावकाश खांबाच्या माथ्यावर आडवा ठेवला. "पण एमा, लाकूड जाड झालं तर आम्ही तासून घेतो. बोटांचं तुमच्याकडे काय करतात?"

तो हसत नव्हता. कानिसनं आपला कोयता अर्धा बाहेर काढला. कुणीतरी कुणाला तरी ढकललं. मी मध्ये उभं राहावं, असं मला वाटलं, कारण मी शिकलेला आहे. मग मी एक पाऊल मागे घेतलं, तेही त्याच कारणानं.

लोनी तेवढी बसलेली होती. "दादा," ती म्हणाली, "बोट तोडू नकोस. मला माझं बोट हवंय. त्यांचं घेऊन मी काय करू?"

एमा रोफिनुस बराच वेळ कोयत्याच्या पात्याकडे बघत राहिले. त्यांच्या कपाळावरून घाम नाकावर आला आणि तिथून खाली पडला. त्यांनी बोटं जाड आहेत असं कबूल केलं असतं, तर त्यांनी केलेली सगळी वाटपं खोटी ठरली असती. कबूल केलं नसतं, तर बोटंच राहिली नसती.

"खांबाला थंडी वाजतेय," ते म्हणाले.

दुपारचं ऊन होतं.

"बघा तरी कसा झालाय," एमांनी खांबावरून हात फिरवला. त्यांचा आवाज हळूहळू तेनोचा झाला. "माझ्या बापानं रोवला तेव्हा केवढा होता. त्याच्या अंगावरचं गेलं. आपण सगळे नवे कपडे घालतो आणि पूर्वजांना उघडं ठेवतो. उघड्या पूर्वजाला हात लावून मी मोजलं. चूक झाली असेल तर तिथे झाली."

आणि त्यांनी कमरेचं सोंगके सोडलं.

खाली त्यांच्या अंगावर निवडणुकीत वाटलेली पिवळी हाफपँट होती. गावातल्या बायकांनी तोंडं फिरवली, पण फार नाही. एमांनी ते जाड कापड खांबाभोवती गुंडाळलं, एक वेढा, दुसरा वेढा, आणि बांधायला दोरी मागितली. दोरी कुणी देईना. लाम्बेरनं हात लांबवून कानिसच्या म्यानाची दोरी घेतली आणि एमांना दिली. कानिसला ती देताना कोयता आत सारावा लागला.

"आता मोजा," लाम्बेर म्हणाला.

एमांनी पुन्हा थोरल्या घरापासून सुरुवात केली. नेसलेल्या खांबाला तीच बोटं आता सावकाश पुरत होती. सगळी नावं झाली. माझी भुईमुगाची ओळ गेली. शेवटी लोनीचं घर आलं, आणि तिथे एक बोट बसलं. पूर्ण बसलं. वर थोडी जागाही उरली.

"हे उरलेलं?" कानिसनं विचारलं.

"शेवटच्याचं," एमा म्हणाले. "उरतं ते शेवटच्याचं."

"कापडावर मोजलेलं वाटप कुणी कधी ऐकलंय?"

"तू एवढी जाड बोटं कधी ऐकली होतीस?" लाम्बेर म्हणाला. त्यानं कोयता म्यानात घातला, खाली बसला, ताडीचा भोपळा उचलला आणि एका दमात अर्धा केला. मग तोंड पुसून म्हणाला, "आंबट आहे."

सगळं गाव हसलं. या खेपेला एमाही हसले.

त्या संध्याकाळपर्यंत रेघा ताणून खुंट्या ठोकून झाल्या. कानिसला आपली खुंटी आपल्याच मक्याच्या आत ठोकावी लागली. तो प्रत्येक घावाला काहीतरी पुटपुटत होता आणि लोनी शेजारी उभी राहून "अजून जरा आत, अजून जरा" म्हणत होती. वाटपावर शिक्का म्हणून डुक्कर कापलं. पहिला तुकडा एमांचा. त्यांनी तो हातात घेतला, बघितला, आणि लाम्बेरला दिला. त्यांनी मान नाकारल्याचं मी तेव्हा पहिल्यांदाच बघितलं. दुसरा तुकडा मात्र त्यांनी खाल्ला.

ठरल्याप्रमाणे पाक सुगेंग आला. बूट या खेपेला काळे होते. आम्ही त्याला सरळ रानात नेलं, खांब दाखवला, खुंट्या दाखवल्या. एमांनी बोटांचं सगळं समजावून सांगितलं, हाफपँटचा भाग वगळून.

सुगेंगनं सगळं ऐकून घेतलं. "फार छान," तो म्हणाला. "पण खुंट्या कशाला ठोकल्यात?"

त्यानं पिशवीतून नकाशे काढले. प्रत्येक तुकड्याचा वेगळा, छापलेला, नाव घातलेला. रेघा झुडपांवरून होत्या. जुन्या, चालणाऱ्या झुडपांवरून. लोनीचा तुकडा तिचा नवरा मरताना ठेवून गेला होता तसाच होता, कानिसचाही तसाच. माझाही.

"आणि तंटा असला की लाल, ते?" मी विचारलं.

"लाल रंगाची सोय या वर्षीपासून काढून टाकलीय, पाक गुरु. त्यानं काम अडतं."

कानिसनं आपला नकाशा दोनदा बघितला आणि तिसऱ्यांदा बघायच्या आत सही केली. लोनीनं कागद उन्हाकडे धरला.

"ही माझी झुडपं?"

"हो, एन्दे."

"नवऱ्यानं लावलेली?"

"ते चित्रात दिसत नाही."

"मग काय दिसतं?" ती म्हणाली, पण तिनं अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर टेकवला. मग तो नेसलेल्या कापडाला न पुसता तसाच वर धरून घरी गेली, मुलाला फोनवर दाखवायला. साक्षीदार म्हणून एमांचाही अंगठा घेतला. तो चौकटीत मावला नाही.

सुगेंग निघाला तेव्हा मी त्याला नदीपर्यंत सोडायला गेलो. वाटेत मी विचारलं, हे नकाशे छापले कधी?

"पहिल्या सभेच्या आधी," तो म्हणाला.